हॅशमॅप आणि न दिसलेला घट

मंडळी, आज आपण कुंभारीत बसलो आहोत, तेव्हा उदाहरणही इथलंच घेऊ. विडी वळणाऱ्या बायकांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. घरं दहा हजार. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचं वाटप झालं. पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. समजा, यातल्या दहा हजार घरांची यादी आपल्या हातात आहे आणि नाव सांगितलं की घर क्रमांक शोधायचा आहे. कसा शोधाल?

पहिल्या पानापासून बोट फिरवत गेलात, तर सरासरी पाच हजार नावं वाचावी लागतील. यादी अकारविल्हे लावली आणि दर वेळी मधोमध उघडून अर्धी बाद केली, तर जास्तीत जास्त चौदा वेळा बघावं लागेल. हॅशमॅप मात्र बहुतेक वेळा एकदोन झडपांत काम भागवतो. कारण तो शोधतच नाही. कुठे बघायचं हे हिशेबानं काढतो.

हॅश म्हणजे बारीक चिरणं. नाव चिरायचं, त्याचा आकडा करायचा. संगणकात प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला क्रमांक असतो. ‘सुशिला’ या नावातल्या क्रमांकांची बेरीज होते १४१७४. आपल्याकडे दहा कप्पे असतील तर दहानं भागून बाकी घ्या: ४. ही नोंद चौथ्या कप्प्यात. उद्या विचारलं, तर तोच हिशेब, तोच कप्पा. नाव ही किल्ली, घर क्रमांक हा तिच्याखालचा ऐवज. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली ही कल्पना एका अंतर्गत टिपणात मांडली. आज पायथॉनमध्ये तिला डिक्शनरी म्हणतात, जावामध्ये हॅशमॅप.

आता अडचण बघा. नुसत्या बेरजेला क्रम कळत नाही. ‘लता’ आणि ‘ताल’ यांची बेरीज एकच. म्हणून जावा दर अक्षरागणिक आधीचा आकडा ३१ नं गुणून मग पुढचा मिळवतं. तरीही दोन नावं एका कप्प्यात येणारच. म्हणून कप्प्यात नुसता घर क्रमांक ठेवून चालत नाही, नावही ठेवावं लागतं, म्हणजे आत गेल्यावर ताडून बघता येतं. कप्पे पाऊण भरले की जावा त्यांची संख्या दुप्पट करून सगळ्यांना नव्यानं जागा देतं. गर्दी वाढली की वेग जातो, हे एसटी स्टँडवर कळतं तसंच.

पण आमचा विषय तत्त्वज्ञान. आम्हाला अडवतो तो वेगळाच प्रश्न: यंत्र ‘नाही’ म्हणतं, तेव्हा नेमकं काय नाही?

समजा, नोंद ‘सुशिला’ अशी झाली आणि बाई आल्या ‘सुशीला’ असं लिहिलेलं कार्ड घेऊन. बेरीज १४१७५, कप्पा पाचवा. तिथे त्या नाहीत. यंत्र शेजारच्या कप्प्यात डोकावणार नाही. न डोकावणं हाच त्याच्या वेगाचा पाया. आपल्या गावाचंच बघा ना. ‘कुंभारी’ लिहा की ‘कुम्भारी’, तुम्हाआम्हाला गाव एकच. यंत्राला दोन.

गावाच्या नावात कुंभ आहे, आणि आपल्या दर्शनांचं लाडकं उदाहरणही घटाचंच. जमिनीवर घट नाही, हे कसं कळतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, अनुपलब्धी हे त्यासाठी स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिक ते स्वतंत्र मानत नाहीत. पण एक अट दोघेही सोडत नाहीत: घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असं सिद्ध होत नाही.

चुकलेली वेलांटी हा तो अंधार.

म्हणून करायचं काय? नाव आत घेतानाच एका ठरावीक रूपात आणावं. शक्य तिथे न बदलणारा क्रमांक किल्ली करावा आणि नाव त्याच्याखाली ठेवावं, कारण लग्नानंतर नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही. आणि ‘नोंद नाही’ व ‘नोंद आहे, पण घर अजून दिलेलं नाही’ यांत फरक करावा. जावामध्ये आत काही न ठेवलेली किल्ली आणि नसलेली किल्ली यांचं उत्तर सारखंच येतं. किल्ली आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. ते विचारायला विसरू नका.

तुमच्यातली जी मुलं उद्या असे प्रोग्रॅम लिहितील, त्यांना आमचं एवढंच सांगणं. पडद्यावर ‘अशी व्यक्ती नाही’ असं लिहू नका. ‘या नावानं नोंद सापडली नाही’ असं लिहा. पहिलं वाक्य वाचून खिडकीतली बाई घरी परत जाते. दुसरं वाचलं, तर खिडकीमागचा माणूस निदान वेलांटी बदलून बघेल.