आईला तिथे ठेवलं म्हणजे हक्क सोडला, असं नाही

उतारवय आणि कायदा : लेख सहावा

वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर निवडताना करारात काय पाहायचं, याबद्दल गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आणि जास्त अवघड आहे. आई तिथे राहायला गेली, महिन्याचे पैसे वेळच्या वेळी जातात, आणि तरी ती दर भेटीत जास्तच खंगलेली दिसते. ओठ सुकलेले, नखं वाढलेली, दुपारी कधीही जा, झोपेतच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘वय झालं आता, असं व्हायचंच.’

अशा वेळी बरीच कुटुंबं गप्प बसतात. एक तर भीती असते की आपण बोलून निघून जाऊ आणि मागे आईवर राग निघेल. दुसरं कारण मनात खोल रुतलेलं असतं. आपणच तिला इथे आणून ठेवलं, आता कुठल्या तोंडाने बोलायचं? ‘एवढी काळजी होती तर घरी का नाही ठेवलंत?’ असं ऐकवलं की तक्रार घेऊन गेलेली मुलगी खाली मान घालून परत येते. हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्याला कायद्यात काडीचाही आधार नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या 2007 च्या कायद्यात कलम 24 आहे. ज्येष्ठ नागरिकाची देखभाल ज्याच्याकडे आहे, त्याने त्याला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडलं, तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातला हेतू महत्त्वाचा. पैसे भरून, फोन करून, भेटीला येऊन जे कुटुंब आईची सोय लावतं, त्याला हे कलम लागू होत नाही. नोकरी, लहान घर, परदेशातला संसार, स्वतःचंच आजारपण, यांपैकी कशामुळेही आईला संस्थेत ठेवावं लागलं, तरी कुटुंबाच्या बाजूने तो गुन्हा ठरत नाही.

उलट संस्थेच्या बाजूने गुन्हा होऊ शकतो, आणि हे कलम फार थोड्यांना माहीत आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 357. आजारपणामुळे, मनाच्या किंवा शरीराच्या दुबळेपणामुळे जी व्यक्ती स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, तिची शुश्रूषा करण्याचा किंवा तिच्या गरजा भागवण्याचा करार ज्याने केला आहे, त्याने जाणूनबुजून ते केलं नाही तर शिक्षा. हे कलम नवं नाही. 1860 च्या दंडसंहितेत ते 491 क्रमांकाने होतं आणि दंडाची कमाल मर्यादा होती 200 रुपये. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली आणि ती मर्यादा 5,000 झाली. कैद मात्र तेव्हाही 3 महिन्यांपर्यंत होती, आजही तेवढीच आहे. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस ठाण्यात आधी एनसीच नोंदली जाणार आणि तपासासाठी दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागणार. शिक्षा तुटपुंजी आहे, हे मान्यच करायला हवं. तरीही असहाय माणसाला सांभाळण्याचा करार मोडणं हा केवळ पैशाचा वाद नाही, गुन्हा आहे, एवढं या देशाच्या कायद्याने दीडशे वर्षांहून जास्त काळ मानलं आहे. संस्थेला पाठवायच्या पहिल्या पत्रातच या कलमाचा उल्लेख करावा. हयगयीने गंभीर दुखापत झाली तर कलम 125 खाली 3 वर्षांपर्यंत, आणि मृत्यू ओढवला तर कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पण दुर्लक्ष झालं हे दाखवायचं कसं? त्यासाठी बेडसोर नीट समजून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं माकडहाड, टाचा, कमरेची बाजू, घोटे आणि डोक्याचा मागचा भाग सतत दाबला जातो आणि तिथला रक्तपुरवठा तुटतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, ओला डायपर लगेच काढायचा, एअर मॅट्रेस द्यायची आणि पोटात पुरेसं अन्न-पाणी जातंय हे बघायचं, हा त्यावरचा उपाय. पहिल्या पायरीवर एक डाग दिसतो, जो बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असं नाही. काळपट, जांभळट दिसतो, किंवा आजूबाजूपेक्षा गरम आणि कडक लागतो. म्हणून भेटीला गेलात की चादर बाजूला करून पाठ बघा, मोजे काढून टाचा बघा. लाजू नका. फार आजारी माणसाला उत्तम देखभालीतही जखम होऊ शकते, पण तेव्हा ती कधी दिसली, डॉक्टरला कधी कळवलं, ड्रेसिंग कोणी केलं, याची नोंद असते. हाडापर्यंत गेलेली जखम आणि नोंदवहीत तिच्याबद्दल अक्षरही नाही, ही जोडी दिसली तर समजावं की कित्येक दिवस तिकडे कोणी पाहिलेलं नाही.

कूस बदलण्याचा चार्ट पलंगाशी लावलेला असेल तर तोही वाचा. दुपारी तीनला तुम्ही उभे आहात आणि रात्री आठपर्यंतच्या खुणा आधीच भरलेल्या आहेत, तर तिथल्या तिथे फोटो काढा. तारीख-वेळ दिसू द्या. फोटो ज्या फोनवर काढला तो फोन जपून ठेवा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. जखमेचा फोटो आईला विचारून काढावा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. तो पुरावा आहे आणि तिची लाजही आहे.

मग कागद मागा. लेखी मागा, पोच घ्या, नाहीतर ईमेल करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाची कागदपत्रं डॉक्टरने 3 वर्षं सांभाळायची असतात आणि रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत द्यायची असतात. वृद्धाश्रमाच्या साध्या नोंदवहीला हा नियम थेट लागू होत नाही, पण तुमच्या मागणीला उत्तर न देणं हेही पुढे ग्राहक आयोगासमोर दाखवता येतं. आई शुद्धीत आहे तोवरच तिच्या सहीने ‘माझी कागदपत्रं माझ्या मुलीला द्यावीत’ असं अधिकारपत्र करून ठेवलेलं बरं.

भरपाईसाठी सगळ्यात सोयीचा रस्ता ग्राहक आयोगाचा, असं माझं मत आहे. पैसे घेऊन देखभाल करणं ही सेवा आहे आणि ती नीट न देणं म्हणजे सेवेतली त्रुटी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आई साताऱ्यात आणि तुम्ही नाशकात, तरी नाशकात चालते. जिल्हा आयोगाची 50 लाखांची मर्यादा भरपाईवर नाही, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरते. ही रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील नसला तरी चालतं, सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्ज करता येतो, आणि घटनेपासून 2 वर्षांची मुदत असते. अमेरिकेत किंवा दुबईत बसलेल्या आणि पुण्या-ठाण्यात आईवडील ठेवलेल्या मुलांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. आई हयात नसेल तर वारस तक्रार चालवू शकतात.

‘काहीही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य बहुतेक प्रवेश अर्जांत असतं आणि त्याखाली आपली सही असते. तेवढ्याने हात झटकता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायद्यातच अनुचित कराराची व्याख्या आहे. अवाच्या सवा डिपॉझिट, किंवा सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा, या गोष्टी तिच्यात बसतात. फक्त करारच अनुचित आहे अशी तक्रार राज्य आयोगाकडे करावी लागते.

संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं. तिथे सलाइन, ट्यूब फीडिंग, ऑक्सिजन असे उपचार होत असतील तर 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी आहे का, हे महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला विचारावं. आईला महिला म्हणून, उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. नुसता सल्ला हवा असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

एवढी दारं ठोठवावी लागतात, कारण घरपोच किंवा निवासी देखभाल देणाऱ्या खाजगी संस्थांसाठी सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारा देशपातळीवरचा कायदाच झालेला नाही. 2007 च्या कायद्यात ही दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. 2024 मध्ये ती लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. म्हाताऱ्यांच्या प्रश्नाला संसदेत एवढाही वेळ मिळू नये, याची खंत वाटते.

आता त्या पहिल्या भीतीकडे येतो. राग निघेल का? निघू शकतो. म्हणून तोंडी भांडू नका, आणि आयाबाईंशी तर नाहीच. रात्रपाळीला तीस-तीस माणसांमागे एकटीच मावशी ठेवली जात असेल, तर दोष ठेवणाऱ्याचा आहे. पत्र व्यवस्थापकाच्या नावे द्या, भेटींच्या वेळा बदलत राहा, जेवणाच्या वेळी जा, शेजारच्या पलंगावरच्या आजींच्या मुलांशी ओळख काढा. चार कुटुंबांचं एकत्र पत्र गेलं की एकटीच्या आईवर डाव धरणं कठीण होतं. प्रकृती ढासळलेली असेल तर तक्रारीची वाट न बघता आधी तिला सरकारी रुग्णालयात हलवा. तिथल्या केसपेपरवर दाखल होतानाची जखम, वजन आणि शरीरातल्या पाण्याची स्थिती लिहून घ्या.

आणि फोन उशिरा आला, सगळं संपलं असेल, अंगावर न कळवलेल्या जखमा दिसत असतील, तर अंत्यविधीची घाई करू नका. संस्थेतले लोक, कधी आपलेच नातेवाईक, ‘आता कशाला त्या देहाचे हाल’ म्हणतील. पोलिसांना कळवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली पंचनामा करायला आणि शवविच्छेदनाला पाठवायला सांगा. अग्नी दिल्यानंतर हा पुरावा पुन्हा मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात : स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांच्या वतीने सही कोणी करायची, आणि त्यासाठी उच्च न्यायालयात का जावं लागतं.