गिऱ्हाईक राजे, चित्रकार कर्जबाजारी

अठराव्या शतकात लंडनहून बाथकडे निघालेल्या घोडागाड्या वाटेत डेव्हायझेस या गावी थांबत. बाथला गरम पाण्याचे झरे होते. तब्येत सुधारायला आणि त्याहून अधिक मिरवायला तिथे उमराव, नट, लेखक आणि उपवर मुलींच्या आया जात. डेव्हायझेसमधल्या ‘ब्लॅक बेअर’ या सराईच्या मालकाला धंद्यात फारशी गती नव्हती, पण त्याचा पोरगा विलक्षण होता. पाहुण्यांचं जेवण झालं की मालक त्याला पुढे करी आणि विचारी, कविता म्हणू दे की तुमचं चित्र काढू दे? पोराला दोन्ही येई. प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक आणि लेखिका फॅनी बर्नी यांनीही या मुलाचं कौतुक केलं होतं.

हाच मुलगा पुढे सर थॉमस लॉरेन्स झाला. झार, पोप, प्रशियाचा राजा, ऑस्ट्रियाचा सम्राट आणि वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन असे सगळे त्याच्यासमोर बसले. तरीही तो आयुष्यभर कर्जात राहिला.

जन्म १३ एप्रिल १७६९, ब्रिस्टलचा. वडिलांचं दिवाळं निघालं आणि सगळं कुटुंब बाथला आलं. घर चालवायचं काम अकरा वर्षांच्या थॉमसवर पडलं. तो पेस्टलच्या खडूंनी लंबगोल आकाराची छोटी व्यक्तिचित्रं काढू लागला आणि लवकरच एका चित्राचे तीन गिनी घेऊ लागला. बाथच्या हंगामात पैसेवाल्यांची वाण नव्हती. त्यांना घरी न्यायला काहीतरी हवं असे आणि कॅमेरा यायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता. शाळा अशी त्याची झालीच नाही. संग्राहकांच्या घरी जाऊन जुन्या उस्तादांच्या चित्रांवरून नकला करायच्या, हीच त्याची शाळा. राफाएलच्या एका चित्राच्या नकलेबद्दल १७८४ साली ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ने त्याला चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं पॅलेट बक्षीस दिलं. १७८७ मध्ये तो लंडनला आला. रॉयल अकादमीच्या वर्गात जेमतेम काही आठवडे टिकला. तिथे जे शिकवत होते ते त्याला आधीच येत होतं.

सप्टेंबर १७८९ मध्ये विंडसरहून बोलावणं आलं. राणी शार्लटचं चित्र काढायचं होतं. चित्रकार वीस वर्षांचा, राणी पंचेचाळिशीची. आदल्या वर्षी राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या झटक्यातून गेला होता आणि त्या काळजीत राणी खंगली होती. डोक्यावर काही न घेता, पिकलेल्या केसांसह तिने बसावं असा या पोरसवदा चित्रकाराचा हट्ट. राणीला तो रुचला नाही. तिने पुढे बसायलाच नकार दिला, तेव्हा दागिने पूर्ण करण्यासाठी तिच्या जागी मिसेस पापेंडिक ही दरबारातली बाई बसली. राजाराणी दोघांनाही चित्र पसंत पडलं नाही आणि ते लॉरेन्सच्या स्टुडिओतच राहिलं, त्याच्या मृत्यूपर्यंत. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते पाहताना राजाराणींची नापसंती समजते. रेशमी झग्याची सळसळ, मोत्यांची झळाळी, मागे ईटनच्या शाळेचं चॅपेल आणि झाडांवरचं शरदाचं तांबूस ऊन, सगळं राजेशाही थाटाचं आहे. चेहरा मात्र थकलेल्या, धास्तावलेल्या बाईचा आहे. आपल्या दिवाणखान्यात हे कुणाला हवं असेल?

१७९० च्या प्रदर्शनात या चित्राबरोबर नटी एलिझाबेथ फॅरनचंही चित्र लागलं आणि लंडन त्याच्यासाठी वेडं झालं. उन्हाळी कुरणातून चालता चालता मान वळवून बघणारी, फरच्या किनारीचा पांढरा झगा सावरणारी ही बाई. उन्हाळ्यात फर कशाला, असं टीकाकारांनी विचारलंच. खुद्द फॅरनची तक्रार होती की आपण फार किडकिडीत दिसतो, जरा अंग भरा. पुढे ती लॉर्ड डर्बीशी लग्न करून काउंटेस झाली, आणि चित्र कालांतराने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलं. १७९२ साली सर जोशुआ रेनल्ड्स वारले तेव्हा राजाच्या चित्रकाराचं पद लॉरेन्सकडे आलं. वय बावीस.

इथून पुढे त्याच्या घरापुढे गाड्यांची रांग लागली. त्याची पद्धत ठरलेली होती. पहिल्या बैठकीत कॅनव्हासवर खडूने नुसतं डोकं रेखाटायचं, अगदी तपशिलात. रंगाला हात त्यानंतर. चेहरा आधी उभा राही. कपडे, हात, खांब, पडदे आणि ढग मागाहून येत. अनेकदा ते येतच नसत, कारण हा माणूस नाही म्हणायला शिकलाच नव्हता. अर्धे पैसे आगाऊ घ्यायचे, नवं काम घ्यायचं आणि जुनं भिंतीला टेकवून ठेवायचं. लोक वर्षानुवर्षं थांबत. चित्रातल्या मुलाचं लग्न होऊन जाई तरी चित्र मिळत नसे, इतपत परिस्थिती होती म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. प्रतिस्पर्धी जॉन हॉपनर १८१० मध्ये वारला आणि लॉरेन्सने पूर्णाकृती चित्राचा भाव ४०० गिनींवर नेला. गिऱ्हाईक हटलं नाही.

मग पैसा जाई कुठे? जुगार, बायका, अशा वावड्या बऱ्याच होत्या. पण मोठी गळती साधी होती. तो नातेवाइकांना पोसत असे, हिशेब ठेवत नसे आणि राफाएल, मायकेलअँजेलो यांची रेखाटनं दिसली की किंमत विचारत नसे. हजारो पौंडांचं कर्ज झालं. मित्र जोसेफ फॅरिंग्टन हा चित्रकार त्याचे हिशेब मांडायला बसे आणि डायरीत हताश नोंदी करी. बँकवाले कूट्स आणि धनाढ्य व्यापारी जॉन ज्युलियस अँगरस्टाइन यांनी त्याला अनेकदा तारलं. याच अँगरस्टाइनच्या ३८ चित्रांवर १८२४ साली नॅशनल गॅलरी उभी राहिली.

त्याचं लग्न झालंच नाही. थोर नटी सारा सिडन्सची मोठी मुलगी सॅली त्याला आवडली, मग मन धाकट्या मरायावर गेलं, मग पुन्हा सॅलीवर आलं. मराया १७९८ साली, एकोणिसाव्या वर्षी क्षयाने गेली. जाताना तिने थोरलीकडून वचन घेतलं की लॉरेन्सशी लग्न करणार नाहीस. सॅलीने ते पाळलं आणि १८०३ मध्ये तीही गेली. यावर त्या काळापासून आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यात लॉरेन्सची बाजू घ्यावी असं फारसं काही सापडत नाही.

दुसरं एक प्रकरण तर राजकीयच झालं. युवराज्ञी कॅरोलाइनचं चित्र काढायला तो १८०१ मध्ये ब्लॅकहीथच्या तिच्या घरी मुक्कामाला राहिला होता. तिच्या चारित्र्याची १८०६ मध्ये गुप्त चौकशी झाली तेव्हा यालाही शपथपत्र करावं लागलं. युवराज बायकोचा कट्टर वैरी, त्यामुळे त्याची मर्जी मिळायला लॉरेन्सला बराच काळ थांबावं लागलं. ती १८१४ मध्ये मिळाली आणि भरघोस मिळाली. नेपोलियन हरला होता आणि दोस्त राष्ट्रांचे राजे व सेनापती लंडनला जमले होते. त्या सगळ्यांची चित्रं युवराजाला हवी होती. पुढच्या वर्षी लॉरेन्स ‘सर’ झाला. त्याच वर्षीच्या प्रदर्शनात त्याने युवराजाचंही चित्र लावलं. पन्नाशी ओलांडलेल्या, सुटलेल्या युवराजाला त्याने असा तरणाबांड रंगवला की समीक्षक हॅझलिटने त्याची जाहीर टर उडवली.

वेलिंग्टनची तर त्याने अनेक चित्रं काढली. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. सालबाईच्या तहाच्या वेळी गव्हर्नर जनरल असलेला वॉरन हेस्टिंग्जही १८११ मध्ये त्याच्यासमोर बसला होता, टक्कल पडलेला अठ्ठ्याहत्तरीचा म्हातारा. मराठेशाहीच्या इतिहासात नुसती नावं म्हणून भेटणारी ही माणसं प्रत्यक्ष कशी दिसत, हे आपल्याला बरंचसं लॉरेन्समुळे माहीत आहे. वेलिंग्टनचा एक किस्सा सांगतात. चित्रात त्याच्या हाती लॉरेन्सने घड्याळ दिलं होतं. वेलिंग्टन बिघडला. वॉटर्लूवर मी प्रशियनांची वाट बघत बसलो होतो असं वाटेल, म्हणाला. घड्याळाच्या जागी दुर्बीण आली.

१८१८ च्या शरदात आखनला राजांची परिषद भरली. सरकारने लॉरेन्ससाठी खास सुटं करता येणारं लाकडी घर जहाजाने पाठवलं, आत स्टुडिओ थाटता यावा म्हणून. ते वेळेत पोचलंच नाही. नगरभवनातलं दालन मिळालं आणि तिथे त्याने सम्राट रंगवले. मग व्हिएन्ना, आणि मे १८१९ मध्ये रोम.

पोप सातवा पायस शहात्तर वर्षांचा होता. नेपोलियनने त्याला पाच वर्षं कैदेत ठेवलं होतं. लॉरेन्सच्या चित्रात तो सिंहासनात जवळपास हरवलेला, कृश आणि काळ्याभोर केसांचा म्हातारा आहे. डोळ्यांत मात्र जराही हार नाही. मागच्या दालनात ‘लाओकून’ आणि ‘अपोलो बेल्वेडेअर’ ही शिल्पं दिसतात. नेपोलियनने ती पॅरिसला पळवली होती, ती परत आली होती. एक शब्द न लिहिता सगळा हिशेब मांडला आहे. माझ्या मते लॉरेन्सचं हे सर्वोत्तम चित्र. इथे गिऱ्हाईक दूर लंडनमध्ये होतं आणि समोर बसलेल्याला तरुण दिसण्यात काडीचा रस नव्हता.

तो ३० मार्च १८२० ला लंडनला परतला आणि त्याच दिवशी रॉयल अकादमीचा अध्यक्ष निवडला गेला. युवराज आता चौथा जॉर्ज म्हणून राजा झाला होता. त्याच्या चित्राच्या नकला वकिलातींना धाडायच्या होत्या, आणि रसेल स्क्वेअरच्या घरात साहाय्यक त्या रंगवत बसत. कीर्ती कळसाला होती, कर्ज तिथेच.

त्याने काढलेल्या मुलांच्या चित्रांकडे मात्र थोडं सावधपणे पाहावं लागतं. ‘पिंकी’ हे १७९४ चं चित्र गाजलेलं आहे. गुलाबी फीत बांधलेली सारा बॅरेट मोल्टन ही मुलगी वाऱ्यावर टेकडीवर उभी आहे. तिचा जन्म जमैकाचा, घरचा पैसा उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या घामाचा. १७९५ साली, बाराव्या वर्षी ती वारली. १९२६ च्या लिलावात हे चित्र ७४,००० गिनींना गेलं आणि तिथून कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन संग्रहात पोचलं. आता दुसरं टोक बघा. गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी आयुष्य वेचणारा विल्यम विल्बरफोर्स १८२८ मध्ये लॉरेन्ससमोर बसला. त्याचा कणा वाकला होता. चित्रकाराने मान थोडी कलती ठेवून ते अवघडलेपण मिश्कील जिव्हाळ्यात बदललं. डोकं पूर्ण झालं, बाकीचा कॅनव्हास तसाच राहिला. पुसट रेघांतून उमलणारा तो चेहरा ‘पिंकी’च्या सगळ्या रिबिनींवर मात करतो.

लॉरेन्स ७ जानेवारी १८३० रोजी वारला. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याचं दफन झालं, आणि बर्फातली ती अंत्ययात्रा चित्रकार टर्नरने आठवणीतून जलरंगात उतरवली. रेखाटनांचा जगात तोड नसलेला संग्रह आधी राजाला १८,००० पौंडांत द्यावा, असं मृत्युपत्रात होतं. खर्चाच्या मानाने ही किंमत मातीमोल होती, तरी राजा नाही म्हणाला. संग्रह व्यापाऱ्याकडे जाऊन फुटला. राफाएल आणि मायकेलअँजेलोचा एक मोठा वाटा पुढे ऑक्सफर्डने विकत घेतला, तो आज तिथल्या अ‍ॅशमोलियनमध्ये आहे. विंडसरच्या ज्या वॉटर्लू दालनात लावायच्या राजे-सेनापतींच्या चित्रांसाठी त्याने युरोपभर पायपीट केली, ते पुरं झालेलं त्याने पाहिलंच नाही.

व्हिक्टोरियन काळाने त्याला भपकेबाज ठरवून बाजूला सारलं. ओल्या ओठांवरची ती पांढरी चकाकी पाहिली की आरोप अगदीच खोटा वाटत नाही. पण २०१० मध्ये नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि २०२१ मध्ये लाल मखमली कपड्यांतल्या चार्ल्स लॅम्बटन या मुलाचं चित्र, ‘द रेड बॉय’, नॅशनल गॅलरीने ९३ लाख पौंडांना विकत घेतलं. ब्रिटिश टपाल तिकिटावर छापलं गेलेलं पहिलं चित्र हेच, १९६७ सालचं. लंडनला जाणं झालं तर ते जरूर पाहा, पण मग पोर्ट्रेट गॅलरीत जाऊन विल्बरफोर्सच्या अर्धवट चित्रापुढे अधिक वेळ उभे राहा.