कागदावर पडणारी प्रतिमा आणि डोळ्यालाच दिसणारी प्रतिमा

पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा आणि घेता येत नाही ती आभासी प्रतिमा, ही व्याख्या आपण सर्वांनी पाठ केलेली असते. परंतु जी प्रतिमा पडद्यावर येतच नाही ती डोळ्याला कशी दिसते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्यासाठी एक साधा प्रयोग करू या.

१० सें.मी. नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घेऊ. अंधाऱ्या खोलीत भिंगापासून १५ सें.मी. अंतरावर मेणबत्ती लावू व पलीकडे पांढरा कागद मागेपुढे सरकवू. ३० सें.मी. अंतरावर ज्योतीची दुप्पट मोठी, उलटी प्रतिमा कागदावर उमटेल. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून पसरलेले किरण भिंगातून वळून येथे खरोखरच पुन्हा एकत्र येतात. ही वास्तव प्रतिमा.

आता दिवा लावून पुस्तकातील एक अक्षर भिंगापासून ६ सें.मी. अंतरावर धरू. अक्षर नाभीच्या आत आल्यामुळे त्याचे किरण इतके पसरलेले असतात की, भिंग त्यांचा पसरटपणा कमी करते, पण त्यांना एकत्र आणू शकत नाही. पलीकडे कागद कोठेही धरला तरी प्रतिमा मिळत नाही. मात्र भिंगातून पाहिल्यास ते किरण अक्षराच्याच बाजूला १५ सें.मी. अंतरावरून आल्यासारखे वाटतात आणि अक्षर अडीचपट मोठे, सुलट दिसते. कारण आपल्या डोळ्यातही बहिर्वक्र भिंग आहे. ते या पसरत्या किरणांना दृष्टिपटलावर एकत्र आणते. म्हणजे आभासी प्रतिमा दिसते, तीही डोळ्यात वास्तव प्रतिमा तयार होते म्हणूनच! आभासी म्हणजे खोटी नव्हे. किरण खरेच असतात, त्यांचे उगमस्थान तेवढे आभासी.

ऱ्हस्वदृष्टी असलेल्या मुलाच्या डोळ्यात फळ्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते. चष्म्याचे अंतर्वक्र भिंग फळ्याची आभासी प्रतिमा त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आणते. उणे २ नंबरच्या भिंगाचे नाभीय अंतर ५० सें.मी. असते, त्यामुळे दूरच्या चंद्राचीही प्रतिमा ते भिंगापासून ५० सें.मी. वर आणून ठेवते.

मागच्या बाकावरील मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेत असेल, तर त्याला मठ्ठ ठरविण्यापूर्वी पालकांनी त्याचे डोळे अवश्य तपासून घ्यावेत. कित्येकदा उणीव बुद्धीची नसते, एका भिंगाची असते.