दुर्बिणीखालची बैठक

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा रायफल हंगाम सुरू होतो. मी शिकारी नाही. भोसरीच्या कारखान्यात उमेदवारी करून इकडे आलेला मेकॅनिकल इंजिनिअर आहे. काही वर्षांपूर्वी त्या शनिवारी संध्याकाळी शेजारी माझ्या दारात आला, तो हिरमुसला होऊनच. सव्वाशे मीटरवरच्या हरणावर त्याने गोळी झाडली होती. हरीण जखमी होऊन झाडीत शिरले आणि अंधार पडेपर्यंत शोधूनही सापडले नाही. ‘माझा हात हलला नव्हता,’ एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट काढून आम्ही ती माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर ठेवली. वडिलांकडून आलेली रेमिंग्टन ७००. जुनी, पण ठणठणीत. दुर्बीण नवी आणि महागडी. दोष सापडला तो या दोहोंमधल्या बोटभर तुकड्यात. वडिलांनी कधीकाळी हातानेच बसवलेल्या मागच्या बेसचा स्क्रू अर्धा फेरा ढिला होता.

रायफलीच्या पाठीवर स्क्रूंनी बसते ती बैठक म्हणजे बेस. बेसवर दोन रिंगा आवळायच्या आणि त्या रिंगांत दुर्बीण धरायची. नेम दुर्बीण दाखवते, गोळी नळीतून जाते. दोघींची दिशा एक ठेवण्याचे काम मधल्या या जोडाचे. रिंगांमधले अंतर १२ सेंटीमीटर आहे आणि मागचे टोक कागदाच्या जाडीइतके, म्हणजे ०.१ मिलिमीटर हलले असे धरा. १०० मीटरवर नेम ८ सेंटीमीटरने चुकतो, सव्वाशे मीटरवर १० सेंटीमीटरहून अधिक. हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे २० सेंटीमीटर रुंद. म्हणजे मध्यावर धरलेला नेम त्या भागाच्या कडेबाहेर गेला. मी हे गणित कागदावर मांडले तेव्हा शेजारी बराच वेळ गप्प होता.

नवा बेस घ्यायचा ठरला आणि मी या विषयात शिरलो. अमेरिकेत दुर्बीण सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आणणाऱ्यांत टेक्सासमधल्या एल पासोचे विल्यम वीव्हर यांचे नाव येते. त्यांच्या नावाच्या बेसवर आडव्या खाचा असतात, ०.१८० इंच रुंदीच्या. मात्र दोन खाचांतले अंतर ठरलेले नसल्याने एकाची रिंग दुसऱ्याच्या बेसवर हव्या त्या जागी बसेलच असे नव्हते. अमेरिकी सैन्याने हा घोळ निस्तरला. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी शस्त्रागाराचे नाव लागलेले प्रमाणपत्रक १९९५ साली आले: खाच ०.२०६ इंच रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांतले अंतर सर्वत्र १०.०१ मिलिमीटर. वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनी बेसवर बहुधा चालतात; उलट मात्र चालत नाही, कारण पिकॅटिनीचा जाड आडवा दांडा वीव्हरच्या अरुंद खाचेत शिरत नाही. नव्याने घेणाऱ्याने पिकॅटिनीच घ्यावा, हे माझे मत तिथेच पक्के झाले.

पण खाचा हा झाला वरचा भाग. बेसचा तळ रायफलीच्या पाठीशी तंतोतंत जुळावा लागतो, म्हणून तो रायफलीच्या मॉडेलप्रमाणेच घ्यायचा. रेमिंग्टन ७०० ची पाठ मागे पुढच्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे पुढचा आणि मागचा तुकडा वेगवेगळ्या उंचीचे. शिवाय लांब आणि आखूड काडतुसांसाठी रायफलीची लांबी बदलते, तसे अखंड बेसच्या भोकांतले अंतरही.

अखंड बेस की दोन तुकडे, यावर आमचा वाद झाला. अखंड पट्टी अधिक ताठ, म्हणून मी तिच्या बाजूचा. शेजाऱ्याने हातमोजे घातले, बोटे रायफलीच्या उघड्या खिडकीशी नेली आणि म्हणाला, ‘थंडीत काडतुसे वरून भरायची आहेत. पट्टी आडवी आली तर?’ त्याचे बरोबर होते. दोन पोलादी तुकडे घेतले. पुढे उतार असलेला, ‘२० मिनिटांचा’ बेस दुकानदार सुचवत होता. १०० यार्डांवर तो नेमाला सुमारे २१ इंचांची वाढीव मुभा देतो; हजार यार्डांच्या नेमबाजाला ती हवी. दोनशे मीटरपलीकडे गोळी न झाडणाऱ्याला सपाट बेस पुरतो.

बसवताना घाई केली नाही. भोकांतले जुने तेल पुसून काढले. तेलकट आट्यात स्क्रू धरत नाही. आटे जुळवून घेतले: त्या रायफलीचे स्क्रू ६-४८, म्हणजे इंचाला ४८ आटे. पुढचा स्क्रू जरा लांब झाला तर आत बोल्टला घासतो, म्हणून प्रत्येक स्क्रू बसवल्यावर बोल्ट चालवून पाहिला. आट्यांना लॉकिंग द्रवाचा थेंब लावला आणि स्क्रू अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, बेस बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळले. रिंगा पुढे सरकवून खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवल्या; कारण धक्क्याने रायफल मागे येते, तेव्हा दुर्बीण तिच्या तुलनेत पुढे सरकू पाहते. उंची इतकीच ठेवली की दुर्बिणीचे पुढचे भिंग नळीला टेकू नये आणि गाल दस्त्यावर नीट टेकावा.

नंतर रेंजवर त्याने शांतपणे नेम जुळवला. पुढच्या हंगामाच्या आदल्या रात्री तो टॉर्क पाना मागायला आला. शिकारीला जाण्याबद्दल आमचे एकमत नाही, होणारही नाही. पण जायचेच तर प्राण्याला तडफडत सोडायचे नाही, यावर आहे. पाना मी त्याच्या हातात दिला, आणि चारही स्क्रू माझ्यासमोर तपासून घे म्हटले.