क्रमाने दिलेले नाव आणि अंगावर लिहिलेली ओळख

संगणक सुरू होताना कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा यंत्रसामग्रीशी थेट व्यवहार करणारा गाभा, जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक नाव देतो. लिनक्समध्ये आधी सापडलेली डिस्क ‘एसडीए’ आणि तिच्यानंतरची ‘एसडीबी’ होते. हे नाव वस्तुतः डिस्कचे नसून ती सापडण्याच्या क्रमाचे असते, आणि क्रम बदलला की तेच नाव दुसऱ्याच डिस्कला चिकटते. नाशिक रोड परिसरातील संगणकदुरुस्तीच्या एका दुकानात या भेदाचा व्यावहारिक अर्थ जवळून पाहता येतो. तेथील कारागीर ग्राहकाची डिस्क पुसण्यापूर्वी पडद्यावर सर्व डिस्कांची यादी उघडतो, तिच्यातील अनुक्रमांक मोठ्याने वाचतो, हातातल्या डिस्कच्या लेबलावरील शेवटची चार अक्षरे त्याच्याशी ताडून पाहतो आणि कागदावर बॉलपेनने खूण केल्यानंतरच आज्ञा देतो. गर्दीच्या वेळीही तो ही खूण वगळत नाही. कर्नेलच्या रचनेत जे उणे राहिले ते येथे एका माणसाच्या शिस्तीने भरून काढलेले असते.

पत्त्याचे प्रश्न मुळात दोन आहेत: डिस्कच्या आत नेमका कोणता सेक्टर, म्हणजे माहितीचा ठरावीक आकाराचा तुकडा, आणि अनेक डिस्कांपैकी नेमकी कोणती डिस्क. पहिल्या प्रश्नाचा इतिहास त्या कारागिराच्या तोंडी एका आकड्यात सामावलेला आहे: एकशे सदतीस. जुन्या पद्धतीत सेक्टरचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन अंकांनी, म्हणजे डिस्कच्या भौतिक रचनेवरून सांगितला जाई. पुढे सर्व सेक्टरांना शून्यापासून सलग क्रमांक देण्याची पद्धत आली आणि त्या क्रमांकासाठी 28 बिट राखले गेले. 28 बिटांत 26,84,35,456 सेक्टर मोजता येतात, प्रत्येक सेक्टर 512 बाइटांचा, म्हणून एकूण मर्यादा 137 गिगाबाइट. दुरुस्तीला आलेल्या जुन्या यंत्रात मोठी डिस्क अर्धवटच दिसू लागली की कारागीर तपासणीआधीच ‘एकशे सदतीस’ म्हणतो. 2002 च्या सुमारास 48 बिटांचा पत्ता प्रमाणित झाला आणि ही भिंत पडली, तरी जुन्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यातील 32 बिटांमुळे सुमारे 2.2 टेराबाइटवर दुसरी भिंत उभी राहिलीच. बिट वाढवले की या प्रश्नाची तड लागते, दुसऱ्या प्रश्नाची लागत नाही.

कर्नेल आतून डिस्क ओळखतो ती दोन अंकांनी: मुख्य क्रमांक कोणता ड्रायव्हर ते सांगतो, दुय्यम क्रमांक त्या ड्रायव्हरच्या हाताखालील कोणते उपकरण ते सांगतो. एसडीए म्हणजे 8 आणि 0, एसडीबी म्हणजे 8 आणि 16, कारण मधले 15 क्रमांक पहिल्या डिस्कच्या पार्टिशनांसाठी राखलेले असतात. 2003 च्या अखेरीस आलेल्या 2.6 आवृत्तीपूर्वी या दोन्ही क्रमांकांना प्रत्येकी 8 बिट मिळत; त्यानंतर मुख्य क्रमांकाला 12 आणि दुय्यम क्रमांकाला 20 बिट मिळाले. जागा वाढली, परंतु क्रमांक कोणाला मिळावा याचा नियम सापडण्याच्या क्रमाशीच बांधलेला राहिला. जुन्या रुंद पट्टीच्या केबलींच्या काळात ‘एचडीए’ हे नाव निदान जागेशी निगडित होते, पहिल्या जोडणीवरील पहिली डिस्क म्हणजे एचडीए. 2007 च्या सुमारास नव्या ड्रायव्हरांनी त्या डिस्काही ‘एसडी’च्या रांगेत आणल्या आणि तो आधार गेला. शिवाय यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून डिस्क शोधण्याचे काम समांतर चालू लागले, तेव्हा आधी कोण उत्तर देईल याचाही भरवसा उरला नाही. वेगासाठी केलेला हा सौदा समर्थनीय आहे. त्यातून निघणारे नाव कायमचे मानणे मात्र समर्थनीय नाही.

याच नाशिक रोडला 1928 मध्ये उभ्या राहिलेल्या करन्सी नोट प्रेसमधील पद्धत येथे आठवणे सयुक्तिक ठरते. बंडलातील नोटा कितीही फिरवल्या तरी नोटेचा क्रमांक बदलत नाही, कारण तो तिच्या अंगावर छापलेला असतो; सदोष नोटेच्या जागी घालायच्या नोटेसाठी तर 2006 पासून तारांकित मालिका आहे, म्हणजे बदली नोट स्वतःच्या स्वतंत्र क्रमांकाने येते. डिस्कच्या बाबतीत हेच काम यूयूआयडी, म्हणजे 128 बिटांची सार्वत्रिक एकमेव ओळख, करते. ईएक्सटी4 या फाइल सिस्टिमचा मुख्य माहितीखंड पार्टिशनच्या आरंभापासून 1,024 बाइटांवर सुरू होतो आणि त्यात 104 बाइट पुढे ही 16 बाइटांची ओळख लिहिलेली असते. केबल बदला, डिस्क दुसऱ्या यंत्रात न्या, ओळख तीच राहते. कर्नेलने हे शहाणपण स्वतःकडे न ठेवता ‘यूडेव्ह’ या बाहेरच्या व्यवस्थेकडे सोपवले. ती प्रत्येक डिस्कसाठी अनुक्रमांकावरून, यूयूआयडीवरून आणि जोडणीच्या जागेवरून वेगवेगळी टिकाऊ नावे तयार करते. ही विभागणी योग्यच म्हटली पाहिजे, कारण ओळखीचे निकष बदलतात आणि ते गाभ्यात गोठवणे धोक्याचे असते.

तरीही यूयूआयडी निर्दोष नाही. डिस्कची बाइटशः नक्कल केली की ओळखीचीही नक्कल होते आणि एकाच यंत्रात एकाच क्रमांकाच्या दोन डिस्का उभ्या राहतात. कारागीर नक्कल पूर्ण होताच जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवतो. दोन्ही एकत्र ठेवायच्या असल्यास नकलेला आधी नवी यूयूआयडी देतो. कारखान्यात कोरलेला अनुक्रमांक मात्र नकलेत उतरत नाही, म्हणूनच कारागिराचा अखेरचा भरवसा लेबलावरील त्या चार अक्षरांवर असतो.

ज्यांच्या यंत्रात एकाहून अधिक डिस्क आहेत त्यांनी एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणती पार्टिशने जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, आणि बॅकअपच्या आज्ञांमध्ये एसडीए, एसडीबी ही नावे लिहू नयेत, यूयूआयडी लिहावी. आणि डिस्क पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी तिचा अनुक्रमांक लेबलाशी ताडून पाहावा.