परसबागेची परीक्षा उन्हाळ्यात

मृग लागला की भाजीच्या भावाच्या बातम्या सुरू होतात आणि पाठोपाठ बियाण्यांची पाकिटे वाटली जातात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या पार गेला, तेव्हापासून ‘घरीच पिकवा’ हा सल्ला दर पावसाळ्यात नव्या जोमाने ऐकू येतो. यंदा त्याला आणखी एक निमित्त मिळाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे, आणि परसबाग हे बायकांच्याच हातचे शेत.

गोंदिया जिल्ह्याला हा सल्ला नवा नाही. इथल्या खेड्यांत घरामागची सांदवाडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. कवेलूच्या छपरावर चढलेला कोहळ्याचा वेल, बांबूच्या मांडवावर दोडके आणि वालाच्या शेंगा, न्हाणीचे पाणी जिथे मुरते तिथे केळी आणि कोचईची (अळूची) रुंद पाने, कुंपणाला बेशरमाच्या काड्या, कोपऱ्यात मुनगा (शेवगा) आणि एखादी पपई. श्रावणात आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत कुठेही फिरले तरी हे चित्र दिसते. घराबाहेरही धानाच्या बांधीचा धुरा मोकळा सोडलेला नसतो, त्यावर तूर उभी असते. सालेकसा, देवरीकडे जंगलातला तरोटा आणि वास्तेही (बांबूचे कोंब) पावसाळ्यात ताटात येतात. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पावसाळी भाजी पिकवायला कुणाला शिकवावे लागत नाही.

प्रश्न होळीनंतर सुरू होतो.

धान निघाले, लाखोळी-हरभरा निघाला, विहिरीचे पाणी खाली गेले, पारा पंचेचाळिशीकडे सरकू लागला की त्याच सांदवाडीत वाळलेले वेल आणि भेगाळलेली माती उरते. मार्च ते जून हे चार महिने घरातली भाजी म्हणजे बाजारातले बटाटे-कांदे, वाळवलेल्या भाज्या आणि डाळ. म्हणजे परसबाग घराला सर्वांत जास्त उपयोगी पडावी अशा दिवसांतच ती नसते. एखाद्या गावात किती परसबागा आहेत हे ठरवायचे असेल, तर ती मोजणी मे महिन्यात व्हायला हवी. ऑगस्टमध्ये काढलेल्या फोटोंवरून पावसाची कृपा कळते, बागेची नाही.

या अंगाने पाहिले तर सरकारी मोहिमांमधली उत्तम गोष्ट आणि कच्चा दुवा दोन्ही दिसतात. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, म्हणजे ‘उमेद’ने, २०२१ मध्ये ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम राज्यभर राबवली आणि बचतगटांच्या महिलांना तिच्या केंद्रस्थानी आणले. हे मोलाचे काम होते. शेजारच्या छत्तीसगडने २०१९ च्या सुमारास ‘नरवा, गरवा, घुरवा, बाडी’ ही घोषणा दिली. तिच्यात नाला, गुरे, खताचा खड्डा आणि घरची बाडी हे चारही एका ओळीत बांधले होते. योजनेचे पुढे जे झाले ते झाले, पण मांडणीतला क्रम अचूक होता. आधी पाणी, मग गुरे, मग खत आणि शेवटी भाजी. बियाण्याच्या पाकिटापासून सुरुवात केली की हा क्रम उलटा होतो.

पोषण परसबागेचा जो गोल आराखडा आता अनेकांच्या ओळखीचा झाला आहे, मधे खड्डा, भोवती सात वाफे, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक, त्याची मुळे एका मराठी माणसापर्यंत जातात. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी शेतकऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा केला, द्राक्ष बागायतदारांना एकमेकांच्या मळ्यातून शिकायची सवय लावली आणि पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत जगू शकते हे हिशेबाने मांडले. १९९८ साली त्यांचे ‘प्लेंटी फॉर ऑल’ हे पुस्तक आले, २००१ मध्ये ते गेले. त्यांचे शिष्य दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या बजवाडा इथे, नर्मदेकाठी, हे काम पुढे नेले. सात वाफ्यांच्या वर्तुळाला ‘गंगा माँ मंडल’ असे नाव आहे.

दाभोलकरांची दृष्टी गणितज्ञाची होती. झाड म्हणजे ऊन पकडणारी पाने, असे ते पाहत. मग शेतकऱ्याने मोजायचे काय, तर किती पान उन्हात आहे आणि त्याला मुळाकडून काय हवे आहे. खताच्या गोण्या आणि एकराचा उतारा या भाषेत विचार करणाऱ्यांना हे विचित्र वाटे, पण परसबागेला ही भाषा चपखल लागू पडते. घरामागे एकर नसतो, ऊन असते. मांडव, छप्पर, कुंपण, भिंत या सगळ्या जागा पानांसाठी वापरल्या की शंभर चौरस फुटांत दीड-दोनशे चौरस फुटांची बाग होते. कोहळा छपरावर चढवणाऱ्या बाईने हे गणित कधीच सोडवलेले आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींची गच्चीवरची शेती आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेली बाग हीसुद्धा याच विचाराची नातवंडे. शहरातल्या गच्चीवर हा विचार जेवढा गाजला तेवढा तो धानपट्ट्यात पोचला नाही, याची खंत वाटते.

पोचायला हवा, कारण कच्चा माल इथेच पडून आहे. सचदे यांची ‘अमृत मिट्टी’ करायला लागतो वाळका पालापाचोळा, थोडे शेण, गोमूत्र, चिमूटभर गूळ आणि धीर. एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ दहा लिटर पाण्यात तीन दिवस ठेवायचे, मग ते दहापट पाण्यात मिसळायचे. पाला त्यात चोवीस तास भिजवून मातीचा पातळ थर देत ढीग रचायचा, दर आठवड्याला उलटायचा. महिन्याभराने त्याच ढिगावर धान्य, कडधान्य, भाज्यांचे मिश्र बी पेरायचे आणि कोवळी रोपे टप्प्याटप्प्याने छाटून परत त्यातच मिसळायची. पुरती माती हाताशी यायला साडेचार महिने लागतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला ढीग रचला तर दिवाळीच्या सुमारास, मेथी-पालक-सांबार (कोथिंबीर) पेरायच्या वेळी ती तयार असेल. या जिल्ह्यात सागाचा-पळसाचा पाला, धानाचे तणस आणि राइस मिलचा भुसा यांची वाण नाही.

आता पाण्याचा हिशेब. जल जीवन मिशनचे माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर येतात. त्यातले दोन तृतीयांश, साधारण १८० लिटर, आंघोळ, धुणे, भांडी करून बाहेर पडतात. मे महिन्याच्या उन्हात हिरव्या वाफ्याला चौरस मीटरमागे सात-आठ लिटर पाणी लागते असे धरले, तर या सांडपाण्यावर पंचवीस चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठा, बाग भर उन्हाळ्यात जिवंत राहते. तणसाचे आच्छादन घातले, पश्चिमेकडे तुराट्यांचा आडोसा केला तर थोडी जास्तच. नळाचे एक थेंब जादा पाणी न घेता हे होते. फक्त राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी आणि डिटर्जंटचे पाणी यांत फरक करावा लागतो. साबणाचे पाणी आधी केळी-कोचईच्या खड्ड्यात सोडावे, पालेभाजीवर थेट टाकू नये.

पाव गुंठ्यात उन्हाळ्यात काय टिकते? बरबटी, भेंडी, चवळाई, अंबाडी, मांडवावर मायाळू. आणि झाडे, जी परसबागेच्या यादीत नेहमी शेवटी येतात: मुनगा, पपई, लिंबू, कढीपत्ता. मुनग्याचा पाला ही खरे तर कुठल्याही पाकिटापेक्षा मोठी भेट आहे. फांदी खोवली की उगवते, एकदा रुजले की फारसे पाणी मागत नाही, पाल्यात लोह, कॅल्शियम, ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य भरपूर. तरी शेंगा खाऊन पाला गुरांना, हेच बहुतेक घरांत चालते.

भाजी खाल्ल्याने काय साधते याबद्दल मात्र अवाच्या सवा बोलू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. धानाच्या पट्ट्यात ताटातल्या भाताच्या ढिगापुढे हे आकडे ठेवले की दरी दिसते. पण २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्याने असे दाखवले की घरच्या बागांमुळे लोक पौष्टिक अन्न जास्त खातात, काही ठिकाणी ‘अ’ जीवनसत्त्वाची स्थिती सुधारते, मुलांची खुंटलेली उंची वाढल्याचा पुरावा मात्र तोकडा आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचेही ओझे आहे. तिथे गोळ्या आणि तपासणी यांची जागा पालक घेऊ शकत नाही. परसबाग ताटात रंग आणते, रोजचा बाजारखर्च वाचवते, बाईच्या हातात चार पैसे आणते. एवढे पुरेसे आहे, तिला औषध म्हणून विकण्याची गरज नाही.

सेंद्रिय की रासायनिक, हा वाद परसबागेत लवकर मिटतो. पाव गुंठ्याला युरियाची गोणी कोण आणणार? निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्या, आणि राखेची धुरळणी यावर मावा-तुडतुडे आटोक्यात राहतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या आठवणीनंतर घराच्या दाराशी कीटकनाशकाची बाटली नको, हे सांगावे लागू नये. पण एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. धानात तणासाठी मारले जाणारे टू-फोर-डी वाऱ्यावर आले तर टोमॅटो आणि वेलींची पाने दोरीसारखी आकसतात. गावालगतच्या बांधीत ते फवारले जाते तेव्हा सांदवाडीतली बाई कितीही सेंद्रिय असली तरी तिची भेदरी (टोमॅटो) जातात, आणि ती रोगाला दोष देते. फवारणारा बहुधा तिच्याच घरचा असतो. वाऱ्याची दिशा पाहून, सकाळी वारा पडलेला असताना फवारले तर हे टळते.

पाणी ओढणे, खुरपणे, माकडे हाकलणे हे काम कुणाचे, हाही प्रश्न तितकाच खरा. महिला शेतकरी वर्षात बाईला आणखी एक काम देऊन तिचा सन्मान होत नाही. न्हाणीतून वाफ्यापर्यंत एक पाइप आणि शेजारी शोषखड्डा, एवढी सोय रोजगार हमीतून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून झाली तर घागरी उचलण्याचे काम वाचते. बियाण्याच्या पाकिटांपेक्षा हा खर्च आधी व्हावा.

शाळांच्या परसबागा हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. केंद्राने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, राज्याने परसबागांच्या स्पर्धा घेतल्या, आणि विद्यार्थ्यांनी वाढवलेला पालक पोषण आहारात शिजतो तेव्हा त्याची चव वेगळीच लागते. पण विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. एप्रिलच्या शेवटापासून त्या बागांना वाली नसतो. ज्या शाळेच्या आवारात हातपंप किंवा बोअर आहे, तिथे सुट्टीच्या दोन महिन्यांसाठी बाग गावातल्या बचतगटाला कसायला द्यावी. निघेल ती भाजी गटाची, त्याबदल्यात वाफे, मुनगा आणि पपई जगवून शाळा उघडताना परत करायची. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका ठरावाने हे होऊ शकते, आणि तो ठराव मार्चच्या बैठकीत घ्यावा लागेल.