विद्यापीठाची दोन वर्षे, पलटणीची नऊ

कॉलेज सोडून कोणाचा मुलगा फौजेत गेला, ही आमच्या लष्करात काही मोठी बातमी नव्हे. ग्वाल्हेरच्या ह्या भागाचे नावच मुळी दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडले, आणि येथल्या जुन्या मराठी घरांपैकी पुष्कळांचा मूळपुरुष घोड्यावर बसूनच उत्तरेत आला. आम्ही त्यांतले नव्हे. आम्ही तंबोऱ्यामागून आलो. तरी माझ्याकडे व्हायोलिन शिकणाऱ्या एका मुलाने बी. एस्‌सी.चे दुसरे वर्ष अर्ध्यावर टाकून भरतीला जायचे ठरविले, आणि त्याची आई माझ्या ओसरीवर येऊन बसली, तेव्हा मला चटकन काही बोलता येईना. “गुरुजी, तुमचे ऐकेल तो,” एवढेच त्या म्हणाल्या.

उपदेश करण्याइतकी माहिती मजपाशी नव्हती. एक हकीकत मात्र पुष्कळ वर्षांपासून मनात आहे. ती आहे रशियातल्या एका मुलाची, आणि तोही शाळेत व्हायोलिन वाजवीत असे.

मिखाईल लेर्मोन्तोव १८१४ साली मॉस्कोत जन्मला. दोन-अडीच वर्षांचा असताना आई गेली. वडील हयात होते, पण आजी (आईची आई) धनवान आणि हट्टी. नातू मजपाशी राहिला तर इस्टेट त्याची, नाही तर नाही, अशी तिची अट. वडिलांनी मान खाली घातली. पेन्झा प्रांतातल्या तार्खानी गावी आजीच्या वाड्यात मुलगा वाढला. व्हायोलिन, पियानो, चित्रकला, परक्या भाषा, काही म्हणता काही कमी नव्हते, एका बापाखेरीज. तो बाप १८३१ साली वारला.

१८३० च्या शरदात लेर्मोन्तोव मॉस्को विद्यापीठात दाखल झाला. त्याच सुमारास गावात पटकी आली आणि विद्यापीठ काही महिने बंद राहिले. पुढे वर्ग सुरू झाले, तरी मुलाचे मन अध्यापकांशी जमेना. एका सहाध्यायाने आठवण लिहून ठेवली आहे. परीक्षेत लेर्मोन्तोव फार सुरेख उत्तर देत होता, तोच अध्यापकांनी अडविले, की हे मी वर्गात सांगितलेले नाही. खरे आहे, हे नवे आहे, माझ्या घरच्या पुस्तकांतले आहे, असे उत्तर आले. मी स्वतः शिक्षक आहे. असा विद्यार्थी समोर बसला तर शिक्षकाच्या पोटात काय होते, ते मला पक्के ठाऊक आहे. मनातून आनंद होतो, आणि त्याला बाहेर घालवावेसेही वाटते.

१८३२ च्या उन्हाळ्यात त्याने मॉस्को सोडले आणि आजीसह पीटर्सबर्ग गाठले. तेथल्या विद्यापीठात पुढे शिकावे असा बेत. पण मॉस्कोतली दोन वर्षे तेथे धरीनात. पहिल्यापासून आरंभ कर म्हणाले. लोकांना वाटते, की असे मुलगे रणवाद्य ऐकून घर सोडतात. येथे कसले रणवाद्य! कचेरीतल्या कोणी दोन वर्षे हिशेबात धरली नाहीत, एवढ्यावर एका आयुष्याचे वळण ठरले. नात्यातले, ओळखीतले मुलगे पलटणीच्या वाटेला लागलेच होते. १८३२ च्या नोव्हेंबरात लेर्मोन्तोव गार्ड पलटणींसाठी उमेदवार तयार करणाऱ्या लष्करी शाळेत शिरला. वय अठरा. आजवर साहित्याच्या वाटेने चाललो होतो, आता शिपाई झालो, अशा अर्थाचे पत्र त्याने मॉस्कोतल्या मैत्रिणीला लिहिले. म्हातारपणी हळूहळू झिजण्यापेक्षा छातीत गोळी बरी, असेही त्यात आहे. अठराव्या वर्षी अशी वाक्ये सहज लिहून होतात.

शाळेत जाऊन महिना झाला नाही, तोच जुन्या मुलांच्या भरीला पडून तो एका अर्धवट शिकविलेल्या घोडीवर बसला. शेजारच्या घोड्याने लाथ मारली आणि उजवा पाय जायबंदी झाला. पुढे किंचित लंगडेपण राहिलेच. आजीने शाळेजवळ बिऱ्हाड केले. ती घरून खाणे पाठवी, ते समजण्याजोगे आहे. पण तिने एक नोकर असाही नेमला होता, की पहाटेचा नगारा वाजण्यापूर्वी त्याने हळूच जाऊन नातवाला उठवावे. नगाऱ्याच्या दणक्याने दचकून उठला तर मुलाच्या प्रकृतीला बाधेल! चरित्रकाराने ही नोंद केली आहे. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हसलो. आता त्या बाईंशी बोलताना ती आठवली, तेव्हा हसू आले नाही.

शाळेत कथा-कादंबऱ्या वाचण्याची मनाई होती. लेर्मोन्तोव संध्याकाळी रिकाम्या वर्गात जाऊन एकटाच लिहीत बसे. १८३४ साली तो गार्ड हुसार रिसाल्यात कॉर्नेट, म्हणजे सर्वांत खालचा अधिकारी, झाला. मेजवान्या, नाच, घोडे. आणि मग १८३७ च्या प्रारंभी पुश्किन द्वंद्वयुद्धात मारला गेला. लेर्मोन्तोवने त्यावर कविता केली, आणि तिच्या शेवटी दरबारच्या बड्या मंडळींवर उघड ठपका ठेवला. ती छापली नाही, तरी हातोहात नकला होऊन सगळ्या शहरात फिरली. कवीला अटक झाली आणि बदली कॉकेशसमधल्या पलटणीत, जेथे डोंगरी लोकांशी लढाई चालू होती.

फौजेच्या नोकरीचा खरा चेहरा येथून दिसतो. विद्यापीठातून तो एका अर्जावर सुटला होता. येथे तसे नव्हते. आजीच्या खटपटीने १८३८ साली तो परत आला. १८४० मध्ये फ्रेंच वकिलाच्या मुलाशी द्वंद्वयुद्ध केले म्हणून पुन्हा कॉकेशस, ह्या खेपेस पायदळात. त्याच वर्षी ‘आमच्या काळाचा नायक’ ही त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी जुलैत वालेरिक नदीकाठच्या घनघोर चकमकीत त्याने असे धैर्य दाखविले, की वरिष्ठांनी मानचिन्हाची शिफारस केली. झार निकोलस पहिला ह्याने ती नाकारली.

१८४१ च्या आरंभी तो रजेवर पीटर्सबर्गला आला. आता नोकरी सोडावी, मासिक काढावे, लिहावे, एवढीच इच्छा उरली होती. सुटका मिळाली नाही. अठ्ठेचाळीस तासांत शहर सोडून पलटणीत जा, असा हुकूम आला. माझ्या वडिलांनी दरबारची नोकरी केली. परगावी गाण्याचे बोलावणे आले तर आधी अर्ज, मग वाट पाहणे. मंजुरी येईपर्यंत बैठक होऊनही गेलेली असे. ते कधी रागावून बोलले नाहीत. नुसते पेटीवरची धूळ पुसत. म्हणून अठ्ठेचाळीस तासांचा तो हुकूम मला परका वाटत नाही.

वाटेत प्यातिगोर्स्क ह्या ऊन झऱ्यांच्या गावी प्रकृतीचे निमित्त करून तो थांबला. तेथे निकोलाय मार्तिनोव भेटला. लष्करी शाळेतला जुना सोबती, नुकताच मेजर होऊन निवृत्त झालेला. ज्याची इच्छा नव्हती त्याला ठेवून घेतले आणि ह्याला मोकळे केले, हा एक योगच. मार्तिनोव डोंगरी पोशाख घालून, कमरेला लांब खंजीर लावून मिरवी. लेर्मोन्तोव त्याची चारचौघांत टर उडवी. थट्टेची भाषा पिस्तुलापर्यंत गेली. त्या वेळच्या रशियन पंचांगाप्रमाणे १५ जुलै १८४१ रोजी माशुक डोंगराच्या पायथ्याशी लेर्मोन्तोव पहिल्याच गोळीला पडला. वय सव्वीस. छातीत गोळी लागली खरी, पण झाडणारा शत्रू नव्हता.

आजीने परवानगी काढून १८४२ च्या वसंतात त्याला शिशाच्या पेटीतून तार्खानीला आणविले आणि आईशेजारी पुरले.

हे सारे मी त्या बाईंना सांगितले नाही. नगाऱ्याचे तेवढे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आमच्याकडे गजराचे घड्याळ आहे. पण उठवते मीच.”

मुलाला मात्र मी एकच विचारले: दुसऱ्या वर्षाचे पेपर देऊन गेलास तर भरती चुकते का? तो म्हणाला, चौकशी करतो. भरती चार वर्षांची आहे, नंतर परत आलो तर कॉलेज ही दोन वर्षे धरील का, हेही विचारून येतो, असे त्यानेच पुढे जोडले. गेल्या गुरुवारी तो नेहमीच्या वेळेला आला. चौकशीचे कागद खिशात होते, अजून उलगडले नव्हते. आधी यमनाचा आलाप पुरा करू या, म्हणाला.